मदत हवी आहे: म्हातारपणी मेंदूतल्या पेशी मरतात की नाही? (अर्जंट)

पलासियाची_मनू
गुरुवारी डिपार्टमेंटला सेमिनार आहे. जुन्या पुस्तकात दिलंय की वय वाढलं की पेशी भराभर मरतात. नवे पेपर म्हणतात, मरत नाहीत. मग विसरायला का होतं? सर नेमकं हेच विचारणार. लवकर सांगा.

रामबागवाले_काका
आमचे वडील ८८ वर्षांचे. रोज ब्राह्मी तूप घेतात, सगळ्यांची गोत्रं तोंडपाठ. आजोबांना सुरू कर.

मनू
काका, आजोबांचं नाही, सेमिनारचं विचारतेय!

बडोदेकर_न्यूरॉन
प्राणी कोणता? मेंदूचा भाग कोणता?

मनू
ऱ्हीसस माकड, प्रीफ्रंटल (कपाळामागचा भाग). विषयच तो आहे ना.

बडोदेकर_न्यूरॉन
मग ऐक. या माकडाचं एक वर्ष म्हणजे आपली साधारण तीन. म्हाताऱ्या माकडांत प्रीफ्रंटलच्या एरिया ४६ या भागातल्या पेशी बहुतेक शाबूत असतात. कमी होतात ते डेंड्राइटवरचे (पेशीच्या फांद्यांवरचे) स्पाइन, म्हणजे दुसऱ्या पेशीशी जोडणारे इवले काटे, त्यातही बारीक मानेचे. नवं शिकायला तेच लागतात. जाड डोक्याचे टिकून राहतात.

ग्वाल्हेरचा_डॉक्टर
सगळा भार स्पाइनवर नको. बॉस्टनच्या ॲलन पीटर्सनी मायलिन (पेशीच्या तंतूवरचं आवरण) बिघडतं हे दाखवलंय: आवरण फुगतं, थर सुटतात. बिघाड जितका जास्त, तितकं माकड चाचणीत मागे.

बडोदेकर_न्यूरॉन
मायलिनला नाही कोण म्हणतंय? पण येलच्या एमी आर्न्स्टन यांचं २०११ चं काम वाचा. वस्तू नजरेआड झाल्यावर तिची जागा धरून ठेवणाऱ्या पेशी म्हातारपणी मंदावतात. त्या पेशींजवळच ग्वानफासिन हे औषध सोडलं की पुन्हा जोरात चालतात. सुटलेलं मायलिन असं हातोहात जुळत नाही!

सराफा_नाइट
माकडांवरून आठवलं, ओंकारेश्वरला आईचा चष्मा पळवला. काही उपाय?

रामबागवाले_काका
केळं दाखवा, चष्मा टाकतात. मनू, तुपाचं मनावर घे.

मनू
जुन्या पुस्तकाचं काय पण? ते चुकलं कुठे?

ग्वाल्हेरचा_डॉक्टर
मोजण्यात. तेव्हा पातळ कापात पेशी किती दाट आहेत तेवढंच बघत. रसायनात ठेवल्यावर तरुण मेंदू जास्त आक्रसतो, त्यामुळे त्यात पेशी जास्त दिसायच्या. माणसाचं विचारलं तर पाकेनबर्ग-गुंडरसेन यांचा १९९७ चा पेपर सांग: २० ते ९० या वयात निओकॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पेशींची घट जेमतेम १० टक्के. आणि सगळ्या प्रीफ्रंटलला एकच नियम लावू नकोस, माकडाच्या एरिया ८ए मध्ये पेशी बऱ्याच कमी झालेल्या आढळल्यात.

मनू
८ए सरांना माहीत असणारच. त्याच्यावर अजून लिहा ना, आज रात्रीच स्लाइड करतेय.