1937 साली वीर नरिमन यांच्यावर अन्याय झाला का?

गिरगावकर (मूळ धागा)
सतरा वर्षं नरिमन पॉइंटला नोकरी केली. नरिमन कोण, हे ऑफिसात एकालाही सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

खुर्शेद फ्रामजी नरिमन हे मुंबईचे वकील. 1920च्या दशकात बॅकबेची भरणी (समुद्र बुजवून जमीन करणं) म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी झाली होती. योजना 1145 एकरांची, हाती निम्मीही जमीन आली नाही. नरिमन यांनी ते चव्हाट्यावर आणलं. हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे तुरुंग भोगला, मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, 1935 मध्ये महापौर झाले.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेस प्रांतात सर्वात मोठा पक्ष ठरली. पंतप्रधान (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच म्हणत) नरिमनच होणार, असं सगळे धरून चालले होते. झाले बाळासाहेब खेर. माझं मत स्पष्ट आहे: वल्लभभाई पटेलांनी त्यांना बाजूला सारलं. मौलाना आझादांनीही पुढे लिहून ठेवलंय की नरिमन यांना डावललं ते ते हिंदू नव्हते म्हणून.

सातारकर
पारशी म्हणून डावललं हे मला पटत नाही. त्याच खेर मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर होते. तेही पारशी, आणि दारूबंदीसारखं अवघड खातं त्यांच्याकडे होतं. आणि प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण? आमच्या साताऱ्याचे धनजीशा कूपर, लोखंडी नांगरांचे कारखानदार. गव्हर्नर विशेषाधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने सत्ता घेतली नाही, म्हणून एप्रिल ते जुलै 1937 कूपर यांनी कारभार पाहिला. तेही पारशीच.

गिरगावकर
कूपर काँग्रेसचे नव्हते हो. त्यांचं उदाहरण इथे कसं लागू होईल? गिल्डरांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे.

रत्नांग्री
मूळ धाग्यात 1934 चा उल्लेखच नाही, आणि वादाचं मूळ तिथेच आहे. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसचे कन्हैयालाल मुनशी पडले आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. प्रांतिक अध्यक्ष असूनही नरिमन यांनी मुनशींचं काम मनापासून केलं नाही, असा आरोप होता. नरिमन यांनी पटेलांविरुद्ध तक्रार केल्यावर गांधीजींनी चौकशी केली, सोबत बॅरिस्टर बहादुरजी होते. तेही पारशी. दोघांनी नरिमन यांच्या विरोधात निकाल दिला. स्वतः मागितलेल्या चौकशीत हरल्यावर अन्याय झाला कसं म्हणायचं?

खेर आमच्या रत्नागिरीचे, म्हणून बोलतोय असं वाटेल कुणाला. पण त्यांनी त्या पदासाठी कुठेही धडपड केल्याचं दिसत नाही. बार्डोलीच्या शेतकऱ्यांच्या जप्त जमिनी परत देणारं सरकार त्यांचंच.

लालबागची लेक
खेर सज्जन असतील. 1938 चा औद्योगिक कलह कायदाही त्यांच्याच सरकारने आणला. त्याने संप करणं जवळजवळ अशक्य झालं. 7 नोव्हेंबर 1938 ला डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले, मुंबईत मोठा संप झाला, गोळीबार झाला. माझे पणजोबा तेव्हा गिरणीत साच्यावर होते. नरिमन असते तर वेगळं झालं असतं का, ते तरी सांगा.

सातारकर
ताई, तो निर्णय पक्षाचा होता. नरिमन असते तरी तोच कायदा आला असता, असं मला वाटतं.

गिरगावकर
रत्नांग्री, 1934 राहिलं, ती माझी चूक. नरिमन यांनी तेव्हा कसूर केली असेलही, मी ते धरून चालतो. पण मुनशी पडल्यावर तीन वर्षं हाच माणूस पक्षाला चालला. त्याला मिरवलं, त्याच्या नावावर मतं मागितली. नेता निवडायची वेळ आली तेव्हाच 1934 कसं आठवलं? आणि चौकशीच्या निकालानंतर काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या कोणत्याही पदाला अपात्र ठरवलं. एका निवडणुकीतल्या ढिलाईला एवढी सजा? बॅकबेच्या प्रकरणात अख्ख्या सरकारशी एकटा भिडलेला माणूस होता तो! पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले आणि 1948 मध्ये दिल्लीत वारले.

रत्नांग्री
सजा जड होती, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पंतप्रधानपद त्यांच्या हक्काचं होतं, हे मात्र अजूनही मान्य नाही. आमदारांनी खेरांना निवडलं होतं.

गिरगावकर
पटेल कुणाच्या बाजूने आहेत हे कळल्यावर निवडलं.