टार्नीटमधील जुने घर, भिंतीतील भेग आणि पुढे भाड्याने देण्याचा विचार: सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट या उपनगरात आम्ही चार वर्षे भाड्याने राहत आहोत. दोघांकडेही पीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना आहे. पहिले घर इथेच घ्यावे, दोन-तीन वर्षे स्वतः राहावे आणि मुलगी माध्यमिक शाळेत गेली की ते भाड्याने देऊन शहराच्या जवळ जावे, असे आमचे ठरले आहे.

मनात भरलेले घर बारा वर्षांपूर्वीचे आहे आणि स्टेशनपर्यंत चालत जाता येते. २०१५ साली हे स्टेशन सुरू झाल्यापासून व्ही-लाइनच्या रेल्वेगाडीने थेट शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला पोहोचता येते, त्यामुळे भाडेकरू मिळण्याची आम्हाला काळजी नाही. काळजी आहे ती मागच्या बेडरूमची. तिथे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून छताकडे एक तिरकी भेग गेलेली आहे. तिच्यावर नवा रंग दिला आहे, पण बोट फिरवले की पुट्टीची कड हाताला लागते. बाहेर त्याच भिंतीपासून पाच-सहा फुटांवर एक मोठे निलगिरीचे झाड आहे. एजंट म्हणतात की या भागात प्रत्येक घराला अशी भेग असतेच.

ते अगदीच खोटे नसावे. इथली जमीन बेसॉल्टपासून झालेल्या चिकणमातीची आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखीच ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सोलापूरकडे आमचे आजोबा घर बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खणून घेत, आणि इथली बरीच घरे मात्र जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभी आहेत. म्हणूनच ही भेग केवळ प्लास्टरची आहे की स्लॅब एका बाजूने हलल्याची, हे कळल्याशिवाय मला पुढे जायचे नाही.

अडचण अशी की घर लिलावाने विकले जाणार आहे. खाजगी विक्रीत व्हिक्टोरिया या आमच्या राज्यामध्ये मिळणारी तीन कामकाजी दिवसांची माघारीची मुभा लिलावात नसते, त्यामुळे जी तपासणी करायची ती आधीच करायला हवी. सेक्शन ३२ चे कागद, म्हणजे विक्रेत्याने मालमत्तेबद्दल द्यायचे निवेदन, आम्ही वकिलांकडून वाचून घेतले आहेत, पण भिंतींची अवस्था त्यातून कळत नाही. घर बांधताना काढलेल्या विम्याची सहा वर्षांची मुदतही केव्हाच संपली आहे.

ज्यांनी या पट्ट्यात, म्हणजे टार्नीट, ट्रुगनिना किंवा वेरिबीत, जुने घर घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे की नेहमीच्या बिल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये स्लॅबची पातळी मोजली जाते का, की त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरच बोलवावा लागतो. झाड काढल्यानंतर माती पुन्हा ओल धरून फुगते आणि नवीनच भेगा पडतात, असेही ऐकले आहे. कुणाला तसा अनुभव आला आहे का?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. पहिल्या घरावरील स्टॅम्प ड्युटीच्या सवलतीसाठी सलग बारा महिने स्वतः राहावे लागते, आणि ती अट आम्ही पाळूच. नंतर घर भाड्याने दिले तरी सहा वर्षांपर्यंत ते मुख्य निवासस्थान मानून भांडवली नफ्यावरील कर टाळता येतो, मात्र त्या काळात दुसरे घर मुख्य निवासस्थान म्हणून दाखवता येत नाही, असे मी समजतो. शिवाय भाड्याने दिल्यावर लँड टॅक्स लागू होईल, आणि २०२४ पासून जमिनीच्या किमतीची त्याची करमुक्त मर्यादा ५०,००० डॉलर इतकी खाली आल्याने तो चुकणार नाही. ज्यांनी असे घर प्रत्यक्ष भाड्याने दिले आहे, त्यांना हा कर, विमा आणि एजंटचे शुल्क वजा जाता वर्षाकाठी काय हाती राहते?

लिलाव पुढच्या शनिवारी आहे, त्यामुळे इंजिनीअर बोलवायचा झाल्यास या दोन दिवसांतच वेळ ठरवावी लागेल.