शिष्यवृत्तीच्या नादात कलापूरचा चित्रकलेचा तास कुणी खाल्ला?

कळंब्याचा वाटसरू (धागाकर्ता)
शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालात आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं नाव होतं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण परवा प्राथमिक शाळेतल्या भाचीच्या वह्या चाळल्या. वेळापत्रकात शुक्रवारचे शेवटचे दोन तास कला आणि कार्यानुभव. वहीत त्याच तारखांना बुद्धिमत्तेचे सराव संच, तेही दिवाळीच्या सुट्टीपासून सलग. परीक्षेला दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि 150 गुण. भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. चित्र, गाणं, परिसर अभ्यास यातलं काहीच नाही, म्हणून शाळेतही नाही. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात पोरगी रंगपेटी उघडत नाही, हे पटतं का तुम्हाला?

भुदरगडी
पटतंय की! आमच्या वाडीवरची शाळा पटाअभावी बंद पडायला आलेली. गुरुजींनी सकाळी आठला जादा तास सुरू केले, फी एक रुपया नाही. पोरं गुणवत्ता यादीत आली, चौकात फोटोंचा फलक लागला आणि इंग्रजी शाळेच्या गाडीत बसणारी पोरं परत आली. माझा थोरला त्यातूनच कागलच्या नवोदयला लागला. ऊस गेला की हातात काय उरतंय ते आम्हाला विचारा. चित्रं काढायची हौस शहरवाल्यांची. आणि बाबूराव पेंटर कुठल्या शाळेत चित्रकला शिकले हो?

कळंब्याचा वाटसरू
शाळेत नाहीच शिकले, घरात शिकले. वडील कृष्णराव मिस्त्री स्वतः कारागीर, हत्यारं आणि रंग घरातच. पुढं या माणसानं कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. आज वाडीवरच्या किती घरांत असा बाप आहे? घरात नाही म्हणून तर शाळेत पाहिजे. शहरातली पोरं पैसे भरून क्लासला जातील, तुमच्या धाकट्यानं कुठं जायचं?

खडूफळा
मी प्राथमिक शिक्षक, म्हणून खरं नाव नाही. शिक्षण हक्क कायद्यानं कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितला, तोही सहावी ते आठवीला आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पाचवीपर्यंत सगळं आम्हीच. मी वर्षभर एकही गाणं शिकवलं नाही तर कुणी विचारत नाही. यादीत एकही पोरगं आलं नाही तर बैठकीत सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. मग शुक्रवारचे दोन तास कशाला जातील, सांगा.
एक मात्र बोलतो. बुद्धिमत्तेत घडी घातलेल्या कागदाचा प्रश्न असतो: कागद दुमडला, भोक पाडलं, उलगडल्यावर कसा दिसेल? आम्ही त्याची युक्ती पाठ करून घेतो. एकदा रद्दी आणि पंच घेऊन बसलो. पोरांनी घड्या घातल्या, भोकं पाडली, दोन-चार जणांनी तर जाळीदार पताकाच केल्या. त्यानंतर हा प्रश्न वर्गात कुणाचा चुकेना. वेळ मात्र चौपट गेला, हेही खरं.

राजारामपुरी ११वी गल्ली
अमेरिकेनं हे आधीच भोगलंय. तिथं 2002 च्या कायद्यानं तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली, निकाल घसरला की शाळेवर कारवाई. पुष्कळ ठिकाणी संगीत, चित्रकला, समाजशास्त्राचे तास कापून याच दोन विषयांना दिले. 2015 ला कायदा बदलला, कारवाईचा जाच सैल झाला, चाचण्या राहिल्याच. आपल्याकडं कारवाई नाही, फलक आहे. फलकावर नाव नसणं ही काय कमी शिक्षा?

भुदरगडी
अमेरिकेचं राहू द्या, तिथं पोटाला आहे. कलेलाही गुण द्या म्हणजे शिकवतील, एवढं साधं आहे.

रंगरेषा
दिलेत की गुण! शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण, ब ला 5, क ला 3. परिणाम ऐका. मी हायस्कूलच्या पोरांची या परीक्षेची तयारी घेते. स्मरणचित्राला 'बाजार' आला काय नि 'बसस्टॉप' आला काय, छत्रीवाला माणूस, पाठमोरी बाई आणि कोपऱ्यात कुत्रं ठरलेलं. पोरं पाठ करून येतात. रंकाळा तलावावर नेऊन 'समोर दिसतंय ते काढा' म्हटलं, तर एकानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतंय का?" गुण लावाल तर कलेचीही शिष्यवृत्तीच होईल. माझ्या पोटावर पाय येतोय, तरी सांगते.

खडूफळा
मग गुणही नकोत आणि आमच्यावर बोजाही नको. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या गटातल्या, सगळ्या शाळांना मिळून एक फिरता कलाशिक्षक द्या. आठवड्यातून एक दिवस आमच्या शाळेत. त्या दिवशी सराव संच कपाटात.

कळंब्याचा वाटसरू
हे पटलं. निवेदन मी लिहितो. भुदरगडकर, सही करणार का?

भुदरगडी
करतो. धाकटा तसा भिंती रंगवतोयच कोळशानं. पण निवेदनात सकाळचे जादा तास बंद करा असं एक अक्षर जरी दिसलं, तर पहिली हरकत माझी.