डोंगरमाथ्यावरचे फायर लूकआऊट – अमेरिकेत का जपतात? आणि बघायला कुठे जावं?

टेकडीवाला:
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात लेकीकडे सिएटलला जातोय. ती सांगत होती की तिकडे डोंगरांच्या अगदी माथ्यावर लाकडी खोल्या आहेत, फायर लूकआऊट म्हणतात त्यांना, पूर्वी तिथे एक माणूस सीझनभर राहून जंगलात कुठे धूर दिसतोय का ते बघायचा, आता बहुतेक रिकाम्या आहेत पण लोक स्वतः वर जाऊन दुरुस्त करतात. मी वेताळ टेकडीवर रोज जाणारा, मार्च-एप्रिलमध्ये गवत पेटलं की आमचा ग्रुप ओल्या फांद्या घेऊन धावतो, त्यामुळे हे ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ही पद्धत सुरू कशी झाली? सॅटेलाइट असताना खोल्या जपायच्या कशाला? आणि साठी उलटलेल्या माणसाला झेपेल असा एखादा लूकआऊट आहे का?

सिएटलकर:
काका, नक्की बघा, या विषयावर मी कितीही बोलू शकते. मुळाशी आहे १९१० चा वणवा. ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात वारा सुटला आणि दोन दिवसांत साधारण ३० लाख एकर जंगल गेलं, ८० च्या वर माणसं गेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेलेच. तिथली फॉरेस्ट सर्व्हिस तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. त्यानंतर ठरलं की आग लहान असतानाच दिसली पाहिजे आणि मग शिखराशिखरावर पहारे बसले. १९३३ पासून सरकारने बेकार तरुणांना कामाला लावलं (सीसीसी म्हणतात त्याला), त्या पोरांनी शेकड्याने बांधले. एक ठरलेलं मॉडेल होतं, १४ बाय १४ फूट, चारी बाजूंनी काचा, सगळे सुटे भाग खेचरांवर लादून वर न्यायचे आणि तिथे जोडायचे.

आत मधोमध ऑस्बॉर्न फायर फाइंडर. गोल टेबलावर त्या भागाचा नकाशा, वर फिरणारी कडी, तिच्या एका बाजूला बारीक भोक आणि समोर ताणलेला घोड्याचा केस, त्यातून धुरावर नेम धरायचा आणि कोन वाचून फोनवर सांगायचा. दुसऱ्या शिखरावरच्याने पण कोन दिला की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. आणि वीज कडाडायला लागली की पायांना काच बसवलेल्या स्टुलावर उभं राहायचं. एकटा माणूस, आजूबाजूला विजा, आणि तरी बघत राहायचं, कारण पुष्कळ आगी विजेनेच लागतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

घाटवाट:
सॅटेलाइटबद्दल मी लिहितो. आपल्याकडे फायर सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून. डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाइटवरून अलर्ट पाठवते, नाव नोंदवलं तर आपल्यालाही मेसेज येतात, जरूर नोंदवा. पण ते सॅटेलाइट दिवसातून ठरावीक वेळांनाच वरून जातं आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटर, जुन्याचा तर १ किमी. टेकडीवरचं गवत तोवर जळून मोकळं. म्हणून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा) वेळेत काढणं आणि उंचावर बसलेला फायर वॉचर, याला आजही पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे.

मात्र रिकाम्या खोल्या जपण्याबद्दल मला शंका आहे. जंगल जंगलच राहू द्यावं ना. काम संपलं तर बांधकाम काढावं, आपल्या टेकड्यांवर आधीच काय कमी सिमेंट चढतंय.

सिएटलकर:
दादा, नेमका हाच वाद इथे कोर्टात गेला होता. ग्रीन माउंटनवर १९३३ चा लूकआऊट आहे, बर्फाने पार खिळखिळा झाला म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसने सुटा करून खाली आणला आणि २००९ मध्ये हेलिकॉप्टरने नेऊन परत उभा केला. तो भाग राखीव वाइल्डरनेस, १९६४ च्या कायद्याने तिथे यंत्रं वापरायला बंदी, त्यामुळे एका संस्थेने केस केली आणि २०१२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. लूकआऊट हटवायची वेळ आली होती. मग स्थानिक लोक मागे लागले आणि एप्रिल २०१४ मध्ये तो जागेवरच ठेवायचा कायदा झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात जवळच ओसोला दरड कोसळून ४३ माणसं गेली होती. त्या पंचक्रोशीला तेव्हा आपलं काहीतरी शाबूत राहणं किती हवं होतं ते इथे राहून कळतं. केस करणाऱ्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही, हेलिकॉप्टर नको होतं. पण खोली हवीच.

घाटवाट:
हे माहीत नव्हतं. खेचरांवरून नेलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. त्या मूळ मॉडेलच्या मापाची खोली आणि नव्या रिसॉर्ट टाइप वॉचटॉवरमध्ये फरक आहे हे मान्य.

टेकडीवाला:
दोघांचे आभार. ताई, आता तेवढं कुठला बघू ते सांगा. लेकीचा धाकटा पण येईल, दहा वर्षांचा आहे.

सिएटलकर:
माउंट पिलचक करा काका. ५३०० फुटांच्या थोडा वर, जाऊन-येऊन ८-९ किमी, चढ आतकरवाडीतून सिंहगड चढतो त्यापेक्षा थोडा जास्त. शेवटी मोठे दगड आणि एक शिडी आहे, तिथे नातवाचा हात धरा. लूकआऊट स्वयंसेवकांनी छान दुरुस्त केलाय, समोरचं शिखर कोणतं ते ओळखायला आत माहिती लावली आहे. जुलैच्या मध्याआधी नको, वर बर्फ असतो आणि धुक्यात वाट चुकते. पार्किंगला पास लागतो, कोणता ते बघून लेकीला आधी काढून ठेवायला सांगा. एवढा चढ नकोसा वाटला तर हेब्रुक लूकआऊट करा, वाट बरीच छोटी आहे आणि बुकिंग मिळालं तर रात्री वर राहता पण येतं.