मुंबई टेस्टनेट का जोडलं जात नाही
८०००१ हा चेन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) टाकूनही मेटामास्क हे क्रिप्टो पाकीट ‘मुंबई’ नेटवर्क सेव्ह करत नाही, असं तुम्ही विचारलंय. तुमचं काही चुकलेलं नाही. पॉलिगॉन या ब्लॉकचेनचं ‘मुंबई’ टेस्टनेट, म्हणजे चाचणीचं नेटवर्क, एप्रिल २०२४ मध्येच बंद झालं. सेव्ह करण्याआधी मेटामास्क आरपीसीला, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या सर्व्हरला, चेन आयडी विचारतं, आणि तिकडे आता उत्तर द्यायला कुणी नाही. त्याऐवजी ‘अमॉय’ जोडा: चेन आयडी ८०००२, नाण्याचं चिन्ह पीओएल (POL). आरपीसीचा पत्ता मात्र पॉलिगॉनच्या अधिकृत माहितीतूनच घ्या, व्हिडिओखालच्या कमेंटमधला नको.

आणि कळकळीने सांगतो, चाचणीसाठी नवीन बारा गुप्त शब्दांचं (ज्यांतून पाकिटाच्या किल्ल्या तयार होतात) वेगळं पाकीट काढा. फॉसेटच्या, म्हणजे चाचणीसाठी फुकट मिळणाऱ्या, नाण्यांना किंमत नसते, पण प्रायव्हेट की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, टेस्टनेटवर आणि मेननेटवर (खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर) एकच असते. माझी कोडसोबत चुकून सार्वजनिक झाली होती. खऱ्या खात्यातले पैसे गेले.