लिफ्ट केलेली व्ही-क्रॉस परत कंपनीच्या उंचीला आणायची आहे

घोडबंदरचा_पिकपवाला
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतली, २०१७ ची, फोर बाय फोर, एमएच ०४ पासिंग. इंजिन ठणठणीत आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, पण आधीच्या मालकाने गाडी लिफ्ट करून, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून उंच, ठेवलीय. किती, ते त्यालाही धड सांगता येत नाही, म्हणतो अडीच-तीन इंच असेल, बिल नाही, किट कुठलं ते माहीत नाही. टायर पण मोठे टाकलेत, २६५/७० आर १७. दिसते जबरदस्त, सोसायटीतली पोरं फोटो काढतात, पण आम्हाला मुरबाडला गावी जायचं असतं आणि आईचे दोन्ही गुडघे दुखतात, तिला आत बसवायला मी आणि बायको दोघं लागतो. मागच्या वेळी ती सरळ म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येते. फार लागलं ते मला. शिवाय गायमुखच्या घाटात वळणावर गाडी जरा जास्तच कलते, आणि स्टिल्टमध्ये शिरताना वरचं कॅरियर आणि स्प्रिंकलरचा पाइप यांच्यात जेमतेम बोटभर फट राहते.
एका गॅरेजवाल्याने सांगितलं, पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापू, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमधला एक पाटा काढू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. पैसे पण कमी सांगितले. पण मन धजावत नाही. मूळ उंची परत मिळते का, आणि त्यासाठी काय काय बदलावं लागतं?

पाटेवाला_तुर्भे
दादा, काहीही कापू देऊ नका. स्प्रिंगचा वेढा कापला की उरलेली स्प्रिंग कडक होते आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, खड्ड्यात चाक खाली लोंबलं की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. मागचा पाटा काढला तर तेवढाच भार उरलेल्या पाट्यांवर येतो, एक दिवस सिमेंटच्या गोण्या टाकाल आणि मेन पाटाच जाईल. बरं, तुमची गाडी वर गेलीय ती कोणीतरी काहीतरी आत घातलंय म्हणून. मग जे घातलंय ते शोधायचं आणि तेच काढायचं, इतकं सरळ आहे हे.
सपाट जागी गाडी उभी करा, टॉर्च घ्या. पुढे चाकाच्या कमानीतून वर बघा, शॉकअप आणि स्प्रिंगचा जो एक गठ्ठा असतो त्याच्या डोक्यावर, म्हणजे चेसिसला जिथे तो टेकतो तिथे, ॲल्युमिनियमची किंवा काळ्या प्लास्टिकची जाड चकती दिसते का? दिसली तर काम सोपं आहे, अख्खा गठ्ठा खाली उतरतो, चकती काढायची आणि परत चढवायचा, स्प्रिंग दाबायची गरज नाही. चकती नसेल तर स्प्रिंगच बदललीय किंवा आतून स्पेसर टाकलाय, त्याला स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लागतो आणि ते काम रस्त्याच्या कडेला बसून करायचं नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाईल. मागे एक्सेल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा आहे का बघा, आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या, लांबवलेत का तेही. शॅकल दोन इंच लांब असला तर गाडी एकच इंच वर जाते हे लक्षात ठेवा.
मग चाकाच्या बरोबर मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या, चारही बाजूंना. जमिनीपासून घेऊ नका, नाहीतर टायरची उंची त्यात मिसळते.

रबाळे_रायडर
लिफ्ट काढू नका राव, पावसाळ्यात कळेल. पाणी भरलं की आमच्या इकडे बाकीचे थांबतात तेव्हा आपण जातो.

पाटेवाला_तुर्भे
रबाळे भाऊ, पाण्यासाठी थोडा फायदा होतो, मान्य. पण व्ही-क्रॉस मुळातच २०० मिलिमीटरच्या वर ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी आहे. आणि खडकावर, दगडावर जे आधी लागतं ते मागचं डिफरेन्शियल, ते एक्सेलमध्येच असतं, आणि एक्सेल चाकांच्या मधोमध. ठोकळा टाकून बॉडी कितीही वर न्या, डिफरेन्शियल तिथल्या तिथेच राहतं. ते फक्त मोठ्या टायरने वर जातं.

घोडबंदरचा_पिकपवाला
मनापासून धन्यवाद. सकाळी मुलाला टॉर्च धरायला लावून सगळं पाहिलं. पुढे दोन्ही बाजूंना वरती ॲल्युमिनियमची चकती आहे, जाडी साधारण ३० मिमी. मागे ५० मिमीचा ठोकळा आणि लांबलचक यू-बोल्ट, शॅकल कंपनीचेच वाटतात. ब्रेकच्या नळीची क्लिप पट्टी लावून खाली आणलीय. आणि एक काळजीची गोष्ट, डावीकडच्या पुढच्या एक्सेलच्या रबरी बूटाला चिरा पडल्यात, आतल्या बाजूला ग्रीस उडालंय. हे लिफ्टमुळेच का?

पाटेवाला_तुर्भे
बहुतेक लिफ्टमुळेच. पुढे चकती ३० ची असली तरी चाकापाशी जवळजवळ दुप्पट उचल मिळते, कारण शॉकअप चाक धरणाऱ्या आर्मच्या मधल्या भागावर बसतो आणि चाक टोकाला असतं. म्हणजे तुमचा पुढचा भाग ५५-६० मिमी वर आहे, चाकाला फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट सतत तिरका फिरतोय, बूटाच्या घड्या एकमेकींवर घासतायत. बूट आत्ताच बदला, सोबत नवीन ग्रीस. आत माती गेली आणि वळताना कट-कट आवाज यायला लागला की अख्खा जॉइंट जातो आणि तो खर्च वेगळाच.
आता कामाचं सांगतो. पुढच्या चकत्या काढताना वरचा बॉल जॉइंट आणि आर्मचे रबरी बुश तपासा. आणि हे मेकॅनिकला आवर्जून सांगा, आर्मचे जे बोल्ट बुशमधून जातात ते गाडी हवेत लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून बसवायची आणि मग टाइट करायचे. हवेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. घाईत नेमकी हीच पायरी गाळतात. मागच्या पाट्यांच्या डोळ्यांतल्या बोल्टलाही हाच नियम, ते सैल केले असतील तर.
मागे ठोकळा निघाला की आत्ताचे यू-बोल्ट चालणार नाहीत, चुडी संपते आणि नट अडकतो, वरून घट्ट वाटतं पण पाटा दाबलेलाच नसतो. कंपनीच्या मापाचे नवीनच घ्या, जुने ताणलेले यू-बोल्ट परत वापरायचे नसतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सेलच्या बैठकीतल्या भोकात बसलंय हे बोट लावून खात्री करा, ते बसलं नाही तर एक्सेल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. नट एकाआड एक फुलीत आवळायचे, आणि थोडे किलोमीटर चालवून परत टॉर्क लावायचा.
शॉकअप लांब टाकले असतील तर तेही मूळ लांबीचे लागतील, नाहीतर बंप स्टॉपच्या (धक्का झेलणाऱ्या रबराच्या) आधी शॉकअपच ठोकर खाईल. ब्रेकच्या नळीची क्लिप परत मूळ जागी. बऱ्याच पिकअपला मागे एक्सेलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा (मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा) रॉड असतो, असला आणि तो वाकवला किंवा पट्टीने वाढवला असेल तर सरळ करा, नाहीतर मागचे ब्रेक चुकीच्या अंदाजाने लागतात.

खारघरची_मीनल
थोडी भर घालते, आमच्याकडेही पिकअप आहे. अलाइनमेंटला जाल तिथे फक्त टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) बघून सोडतात, तर आधीच विचारा की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरचं (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) पण प्रिंट देणार का. उंची बदलली की तिन्ही बदलतात, आणि लिफ्टसाठी केलेलं सेटिंग तसंच राहिलं तर टायर एका बाजूने खायला लागतो. हेडलाइटचा झोत पण परत सेट करून घ्या. आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा वर दिसला तर तो खाली आणायच्या नादाला लागू नका, माल भरल्यावर बसण्यासाठीच तो वर ठेवलेला असतो.
कागदाचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच म्हटलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बदल आधीच्या मालकाने केला असला तरी आता कागदावर नाव तुमचं आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथेच ठेवतात. म्हणून मूळ उंचीला नेताय ते उत्तम. पार्ट्सची बिलं जपून ठेवा.
आणि आईंसाठी एक सुचवते, लिफ्ट काढूनही पिकअप उंचच राहते, तेव्हा रुंद फुटस्टेप आणि आतल्या खांबावर पकडायचा दांडा हवाच. माझ्या सासूबाईंना पायरीपेक्षा त्या दांड्याचा आधार जास्त वाटतो.

घोडबंदरचा_पिकपवाला
मीनलताई, दांड्याचं डोक्यातच आलं नव्हतं, तिच्या बाजूला नक्की बघतो. पार्किंगचं तर कॅरियर काढलं की सुटेल, ते तसंही वापरात नाही. टायरचं काय करू? चांगली नक्षी शिल्लक आहे, टाकून द्यायला जीव होत नाही.

पाटेवाला_तुर्भे
हिशोब करा. तुमच्या २०१७ च्या गाडीचं मूळ माप २५५/६५ आर १७, त्याचा व्यास साधारण ७६३ मिमी. २६५/७० चा ८०३. म्हणजे ४० चा फरक, त्यातले निम्मे, २० मिमी गाडीची उंची वाढते. आणि मीटर ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८४ ने चाललेले असता, खोपोलीला कॅमेऱ्याखालून जाताना हे लक्षात ठेवा. लिफ्ट काढल्यावर पुढचं चाक पूर्ण वळवून मागे-पुढे करून बघा, लायनरला किंवा बंपरच्या कोपऱ्याला घासत असेल तर विषयच संपला, टायर विका, या मापाला गिऱ्हाईक पटकन मिळतं.
आणि आत्ताच्या आत्ता स्टेपनीचं माप वाचा. बहुतेक ती अजून २५५/६५ च असेल. पंक्चर झालं आणि तशीच एक छोटी स्टेपनी लावून कोणी गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद जाते तेव्हा) टाकली तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात. टायर बदलेपर्यंत स्टेपनी लागलीच तर गाडी टू-हायमध्येच (फक्त मागच्या दोन चाकांवर) ठेवा.