बागेत स्केच करताना कुणी गप्पा मारायला थांबलं तर?

प्रश्न: जलरंगात काम चालू असताना अनोळखी माणूस बोलायला येतो. तेवढ्यात वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) वाळतो, सावल्या सरकतात. त्याला न दुखावता चित्र कसं वाचवायचं?

उत्तर १: सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच २बी पेन्सिलीने आखून ठेवा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. गप्पांनंतर नवी सावली बघून रंगवलं, तर एकाच चित्रात दोन दिशांचा उजेड दिसतो. आखलेल्यावरच विश्वास ठेवा.

उत्तर २: खरा घोटाळा अर्धवट ओल्या वॉशचा. त्यात पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि दातेरी डाग उठतो. कुणी जवळ येताना दिसलं की वॉशची अजून ओली असलेली कड स्वच्छ, निथळलेल्या ब्रशने विरवून टाका, मगच मान वर करा. पुढचा थर कागद पूर्ण वाळल्यावर. हाताच्या पाठीला गार लागला तर अजून ओल आहे.

उत्तर ३: मला तर अशी माणसं हवीच असतात! "बोलता बोलता तुमचं चित्र काढू का?" असं सरळ विचारा. डोकं सतत हलतं, म्हणून मान-खांद्यांचा कल आधी, डोळे शेवटी. मूल असेल तर पालकांची परवानगी घ्याच.